खुर्चीवरून पाहिलेली गाडी

आमचे जावई बालाजीराव गाडी घेताना आधी हॉर्न वाजवून पाहतात. मग आरशात स्वतःला पाहतात. सेलूच्या बाहेर सूर्यभानचं पत्र्याचं शेड आहे, तिथे तो जुन्या गाड्या विकतो. तिथेच हा सोहळा मी याचि डोळा पाहिला.

गाडी बारा वर्षांची जुनी, चारही चाकांनी ओढणारी पिकअप. ती हवी होती माझ्या मुलीसाठी, मनिषासाठी. वालूरच्या पुढे शेतातच त्यांचा आखाडा, म्हणजे राहतं घर आणि गोठा, आहे आणि आखाड्यापासून डांबरीपर्यंत दीड किलोमीटर नुसती काळी माती. पाऊस लागला की तिथे बैलाचा पाय निघत नाही. मनिषाचा आठवा महिना सरत आला होता. दुसरं बाळंतपण, तेही ऐन श्रावणात. शेवटचा महिना सेलूला नणंदेकडे जाऊन राहायचं तिने ठरवलं होतं, पण घरी तीन वर्षांचा पोरगा. त्याला सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आप्पा, यांना गाडीतलं काई कळत न्हाई. तुमी खाली शिरून बघा. तुमी बघितली म्हणलात की मी कुठंच जात न्हाई."

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली काढली. मला सांगायची गरज नव्हती.

शेडमध्ये जावईबापूंसोबत चार मित्र आले होते. पाचही जणांनी मिळून जन्मात एक पाना हातात धरला नसेल. एकाने टायरवर थाप मारली. टायर तेल चोपडून काळेभोर केले होते, तर हा म्हणतो, "नवे हायती की!" दुसऱ्याने गाणी लावून पाहिली. शेवटी एकाला अक्कल सुचली.

"पुढची चाकं वढत्यात का पन?"

सूर्यभानने आतली लिव्हर ओढली. समोर हिरवा दिवा लागला.

"लागला की!" पाचही जण खूश. दिवा लागला म्हणजे चाक ओढतं, एवढं यांचं ज्ञान. असल्या माणसाला मी मुलगी दिली.

मी शर्टाची बटणं काढायला लागलो, तसा बालाजीरावांनी माझा हात धरला.

"मामा, तुमी कशाला? सासरा मानूस गाडीखाली लोळायलाय म्हनून लोकं माझ्या तोंडात शेण घालतेल. बसा तुमी."

सूर्यभान तर याचीच वाट बघत असावा. त्याने पाठीची खुर्ची आणली, चहा सांगितला, माझ्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. "पाव्हण्याचा मान हाय, न्हाई म्हनू नका."

मला हसू आलं. आणि मग, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. एकतीस वर्षांत मला कुणी खुर्ची दिली नव्हती. मी बसलो. बशीत ओतून चहा प्यायलो. तेवढ्यात जावयांनी चाकापुढे नारळ फोडला, बॉनेटला हार घातला, फोटो काढून स्टेटसला टाकले. नारळ फुटला की सौदा पक्का. त्यानंतर गाडीत खोट काढणारा माणूस अपशकुनी ठरतो.

संध्याकाळी मनिषाने फोनवर विचारलं, "बघितली का?"

"बघितली," मी म्हणालो.

पुढे तीन आठवडे पावसाने उघडीप दिली. वाट वाळली आणि जावई डांबरीवरून गाडी मिरवत राहिले. मग झड लागली. मी नातवाला भेटायला आखाड्यावर गेलो होतो, त्याच दिवशी दुपारी मनिषाला कळा सुरू झाल्या. तिला पुढे बसवून गाडी निघाली. शंभर पावलांवर मागची चाकं मातीत रुतली. जावयांनी लिव्हर ओढली. हिरवा दिवा लागला. पुढची चाकं हलली नाहीत.

मी चिखलात आडवा होऊन खाली शिरलो. पुढच्या चाकांना ताकद देणारा लोखंडी शाफ्टच जागेवर नव्हता. कुणीतरी कधीच काढून नेला होता, बोल्टांच्या भोकांना गंज चढला होता. खुर्ची सोडून वाकलो असतो तर दोन मिनिटांत दिसलं असतं. वर जावई हॉर्न वाजवत होते, जणू चिखल बाजूला सरकणार होता.

शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. त्यांनी मनिषाला बाजेवर घेतलं. मी पुढे झालो, तेव्हा तिने दात दाबून एवढंच म्हटलं, "आप्पा, तुमी बघितली म्हणला व्हता." वाटेत दोनदा बाज खाली ठेवावी लागली. डांबरीवर एक जीप मिळाली आणि दवाखान्याच्या दारातच मुलगी झाली.

दोघी सुखरूप आहेत. बारशाला मी खाली सतरंजीवर बसलो होतो. जावई खुर्ची घेऊन आले, हातात नवी टोपी आणि टॉवेल. मी नको नको म्हणत होतो.

"बसवा त्यांना," पाळण्याची दोरी न सोडता मनिषा म्हणाली. "आप्पांना खुर्ची लय आवडती."

मी बसलो.