बद्द शिंपली

यानफेईने हेडफोन कानावरून ओढून टोपल्यांच्या मध्ये आदळला.

"वीसपैकी अकरा. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी एवढी आली असती."

चीनमधल्या तालियानच्या मासळीबाजारात दुपारचं गिऱ्हाईक नव्हतं. आई दोन-दोन शिंपल्या एकमेकींवर आपटून पाहत होती. खणखणीत वाजली की टोपलीत, बद्द वाजली की मेलेली, बादलीत. तिने लेकीकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

उद्या कॉल सेंटरच्या ऐकण्याच्या चाचणीची शेवटची संधी होती. एकच जपानी शब्द दोनदा ऐकवायचे. आवाज दोन्ही वेळा सारखाच चढला-उतरला की नाही, एवढंच सांगायचं. यानफेई दोनदा आपटली होती. आता नापास झाली, तर जपानी गिऱ्हाइकांच्या फोनवरून उठवून टायपिंगला बसवणार होते. नऊ वर्षं घासून शिकलेली भाषा मग बोलायची कुणाशी, भिंतीशी? बरं, कुठल्या शब्दात आवाज कुठे पडतो ते सगळं तिला तोंडपाठ होतं. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. शब्द ओळखीचा निघाला, की कानाच्या आधी डोकंच उत्तर देऊन मोकळं व्हायचं.

"आण बघू इकडे," आई म्हणाली.

"तुला त्यातलं ओ की ठो कळतं का?"

आईने ओल्या हातांनीच हेडफोन चढवला, डोळे मिटले. सारखं. वेगळं. वेगळं. सारखं. यानफेई चरफडत खुणा करत गेली. वीसपैकी एकोणीस.

"मग मी नऊ वर्षं काय केलं गं?"

"मला काय विचारतेस? वाजलं तसं सांगितलं." आईने तिच्यापुढे एक टोपली सरकवली. "बस. जरा हात चालव."

रागारागाने यानफेई शिंपल्या आपटू लागली. पहिल्या कितीतरी चुकल्या. आई चुकून बादलीत गेलेल्या उचलून पुन्हा टोपलीत टाकायची. टोपली संपेपर्यंत चुका थांबल्या. मग तिने हेडफोन उचलला आणि आईसारखेच डोळे मिटले.

अठरा.

ती चक्क हसली. आईही हसली, हात पुसत जवळ सरकली.

"आता सांग, हेडफोनमधली ती बाई शेवटचा शब्द काय म्हणाली?"

यानफेईने तोंड उघडलं. आवाजाचा चढ-उतार कानात होता, शब्द मात्र काही केल्या आठवेना.