अकरा दिवस खोटं बोललेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, अणुसंशोधन केंद्राच्या फाटकावरची. आत एक छोटी अणुभट्टी आहे. बाहेरच्या हवेत किरणोत्सर्ग किती, हे माझ्यावरचे लाल आकडे रस्त्यावरच्या लोकांना सांगतात. आकडा शंभराच्या आसपास असला की सगळं ठीक.

मला इथे बसवलं तेव्हा माझा काय तोरा होता! येणारे-जाणारे थांबून वाचायचे. समोरच्या दुकानातल्या शिवणकामवाल्या मावशी तर माझा आकडा बघूनच नातीला अंगणात खेळायला सोडायच्या. पाऊस पडला की आकडा दहा-वीसने चढतो, कारण हवेतले नैसर्गिक कण पावसाबरोबर खाली येतात. हे त्यांना मोजणीकाकांनी समजावलं होतं. काका म्हणजे केंद्रातली मोजणीची यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ, माझे पालकच म्हणा ना.

पुढे माझे काही दिवे गेले. काकांनी ते बदलले आणि सगळे नीट लागतात का हे बघायला मला चाचणीवर टाकलं. चाचणीत एकच आकडा स्थिर राहतो. तेवढ्यात त्यांना आतून बोलावणं आलं, आणि मला मोजणीच्या यंत्राला परत जोडायचं राहूनच गेलं. मी एकशे चार दाखवत बसले. आतलं मला काही कळत नव्हतं, आणि सांगायला मला तोंडही नव्हतं.

बाराव्या दिवशी मावशी टेप गळ्यात तशीच ठेवून फाटकाशी आल्या.

"अहो, तीन दिवस पाऊस लागलाय. हिचा आकडा हलत का नाही?"

काकांचा चेहरा पडला. ते धावत आत गेले. आतल्या यंत्रांनी रोजची नोंद बरोबर ठेवली होती, काळजीचं काही नव्हतं. मोठे साहेब म्हणाले, "मग गुपचूप जोडून टाका. उगाच बोभाटा कशाला?"

"साहेब, उद्या खरंच काही झालं आणि आपण लोकांना घरात थांबा म्हटलं, तर ऐकेल कोण?"

साहेबांनी मग स्वतः कागद लिहून माझ्याखाली लावला : "अकरा दिवस ही पाटी चुकीची होती. चूक आमची. खरे आकडे पुढीलप्रमाणे."

लोक चिडले. मला नाही नाही ते बोलले. मावशींनी नातीला आपल्या बहिणीकडे धाडलं आणि माझ्याकडे बघणंच सोडलं. ते मला फार लागलं.

काका मग स्वतः त्यांच्या दुकानात गेले. किरणोत्सर्ग मोजायचं हातातलं छोटं यंत्र त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, "यापुढे दर आठवड्याला तुम्हीच मोजा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

मावशी मोजू लागल्या. माझ्या आकड्याशी ताडून सही करू लागल्या. पाचव्या आठवड्यात सही करून त्यांनी मला दटावलं, "पुन्हा थापा मारल्यास तर बघ." दुसऱ्या दिवशी नात अंगणात खेळत होती.

मित्रांनो, माझी काच पुसा, दिवे बदला, तेवढं हवंच. पण कुठल्याही पाटीवरचा आकडा फार दिवस हलला नाही, तर आत जाऊन विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी आत काम करायला लागलं, तर विचारायला आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्या.