बत्ती लागायला नको होती

रोशनी मॅडमनी दोन्ही तारा मिठाच्या ढिगात खुपसल्या आणि टेबलावरची लाल बत्ती लागली.

लागायला नको होती. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता! आत्ताच तिने हातोडीखाली दाखवलं होतं, लोखंडी खिळा नुसता चेपला आणि मिठाचा खडा फुटून भुगा झाला. लोखंडात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. मिठात आयन एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून कोरड्या मिठातून वीज जात नाही, असं ती ठासून सांगून बसली होती. आणि मेली बत्ती लखलखत होती.

मागच्या बाकावर गडचिरोलीहून तपासणीला आलेले साहेब होते. अहेरीच्या या कॉलेजात रोशनीचं शिक्षणसेवकपद आता संपत आलं होतं. आजच्या शेऱ्यावर नोकरी पक्की, नाहीतर घरी. साऱ्या बारावीला हे ठाऊक होतं.

“मॅडम, बत्ती तर लागली,” साहेब म्हणाले.

तिने तारा पुसून पुन्हा खुपसल्या. पुन्हा तेच. कुणीतरी खुसखुसलं. मग तिने चिमूटभर मीठ बोटांत चोळलं, तर ते चिकटलं.

“हे मीठ आणलं कोणी?”

महेक उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत.

“मीनं, मॅडम. खडेमिठात लई माती होती जी. साहेब येणार म्हून सकाळी धुतलं. अम्मी धुतेच.”

“धुतलं?”

“वाळवलं होतं जी! कोरडं दिसून राह्यलं होतं.”

रडावं की हसावं, रोशनीला कळेना. हसूच आलं, साहेबांदेखत.

“अगं बाई! पाणी लागलं न् आयन सुटे झाले. तेच वीज नेऊन राह्यले!”

तिने मीठ बशीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर ठेवलं. ते तडतडलं, वाफ गेली. ते तिने निवू दिलं. मग तिने तारा खुपसल्या.

बत्ती लागली नाही. न लागल्याबद्दल अख्ख्या वर्गाने टाळ्या पिटल्या. महेक मात्र ओढणीत तोंड खुपसून रडत होती.

साहेबांनी शेरा लिहून कागद बॅगेत ठेवला. तो दाखवायची पद्धत नव्हती, आणि रोशनीनेही विचारलं नाही. दाराशी ते वळले.

“मॅडम, पुढच्या वर्षी दोन्ही मिठं घ्या. कोरडंही आणि या पोरीनं धुतलेलंही. काऊन लागली, ते आधी पोरांनाच विचारा.”

“हो सर.”

ते गेल्यावर रोशनी महेकच्याच बाकावर टेकली.

“रागावले का जी साहेब?” महेकने नाक पुसत विचारलं.

“पुढच्या वर्षी म्हणाले गं,” रोशनी म्हणाली. “पुढच्या वर्षी!”