पाच वेळा, पण काय?

बोटभर रुंदीची लोकरीची पट्टी चहाच्या कपाला टेकून पडली होती. पंधरा टाके हवे होते, आले होते सात. दोन सुलट, आणि मग एकापाठोपाठ पाच उलट… काल संध्याकाळी यंत्रानं हे विणून काढलं तेव्हा तिचे कान तापले होते, पण आता सकाळच्या उजेडात ती पट्टी बोटाला गुंडाळताना तिला वाटत होतं, की चूक कशी नेटकी आहे, हिच्यामागे कुणीतरी डोकं चालवलंय. कुणी? यंत्रानं? छे. मीच की.

स्वेटरच्या कारखान्यात बावीस वर्षं ती जुन्या विणयंत्राला आकडे भरवत आली होती. सुलट टाक्याला एक, उलट टाक्याला दोन. यंत्राला एवढंच कळे. नवी नक्षी आली की एक-एक-दोन, एक-एक-दोन, ओळींमागून ओळी, आठवडाभर. सगळे तिला आकडेबाईच म्हणत. महिन्यापूर्वी फोरमननी सांगितलं, एका नक्षीला आठवडा परवडत नाही, यंत्र मोडीत जाणार, तुम्ही घड्या घालायच्या विभागात या. त्यावर हिनं उचलली जीभ लावली टाळ्याला — “मी त्याला आपली भाषा शिकवते. महिनाभरात, शेवटच्या शुक्रवारपर्यंत.” तेही जेमतेम चार रविवारच्या संगणक-वर्गांच्या जोरावर!

आज तो शुक्रवार.

“कंपायलर म्हणजे दुभाष्या,” वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, “पण शब्दाला शब्द ठेवणारा नव्हे. तो आधी सगळं ऐकून घेतो, शब्द सुटे करतो, कोण कुणाचं ते ठरवतो, आणि मगच तोंड उघडतो.” मग त्यांनी फळ्यावर एका वाक्याचं झाड काढलं, मूळ वर, फांद्या खाली, आणि ती वहीत उतरवायचं विसरून नुसती बघत राहिली… आईनं तोंडी सांगितलेली नक्षी ऐकायची आणि तिचे आकडे करायचे, हे जे आपण इतकी वर्षं मुकाट्यानं करत आलो, त्याला पायऱ्या आहेत, नावं आहेत, आणि ते दुसऱ्या कुणाला शिकवता येतं! लोखंडालासुद्धा!

कोण कुणाचं, तिथंच तर घोडं अडलं होतं. ‘दोन सुलट एक उलट पाच वेळा.’ तिनं लिहिलेल्या दुभाष्यानं ‘पाच वेळा’ हे शेजारच्या ‘एक उलट’लाच चिकटवलं होतं.

समोर आई सुया चालवत बसली होती. कारखान्यातल्या निम्म्या नक्षी तिच्याच, आणि एकही कागदावर नाही.

“आई, काठाची नक्षी सांग ना.”

“चार सुलट,” आई म्हणाली, जरा थांबली, “दोन उलट एक सुलट पाच वेळा. आणि हे सगळं तीन वेळा.”

“पाच वेळा म्हणजे नुसता तो एक सुलट का नाही?”

आईनं चष्म्यावरून पाहिलं. “असं कोण खुळं म्हणेल? तसं असतं तर सरळ पाच सुलटच म्हटलं असतं की.”

तिच्या हातातला कप तसाच राहिला. खरंच… एका टाक्याला ‘वेळा’ लागतच नाही, वेळा म्हटलं की जमाव आलाच. “पण मग ते चार सुलट का धरायचे नाहीत पाच वेळांत?”

“अगं, मध्ये थांबले नाही का मी?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर ती शब्द गोळा करत होती, आणि अर्थ न बोललेल्या जागेत बसला होता. तिनं आईचा गाल ओढला. आई म्हणाली, “टाका सुटेल ना, बये!”

रस्ताभर तिला धीर नव्हता. पुढं चाललेल्या दोघींपैकी एक म्हणत होती, “कालचे कपडे आणि चादरी धुवायच्यात,” आणि हिच्या अगदी ओठांवर आलं, चादरीही कालच्याच का हो? सगळं जगच झाडं बोलत होतं, फांद्या फुटत होत्या, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

कारखान्यात पोचताच तिनं यंत्राला जोडलेल्या संगणकासमोर खुर्ची ओढली. आईच्या थांबण्यासाठी उभी रेघ घेतली. मग मुख्य नियम: गट म्हणजे टाके, किंवा गट आणि वेळा… इथं बोट अडखळलं. गटाची व्याख्या करताना गटच? आंबा म्हणजे काय तर आंबा, असं झालं हे! पण खाली उतरत गेलं की प्रत्येक गटाच्या पोटात आणखी गट, त्याच्या पोटात आणखी एक, आणि शेवटी तळाशी हाताला लागतो तो साधा एक टाका. म्हणून नियम स्वतःलाच हाक मारू शकतो, म्हणून तो हरवत नाही. आनंद असा भीतीसारखाही असतो?

जेवणाच्या सुट्टीआधी फोरमन येऊन उभे राहिले. तिनं आईचं वाक्य जसंच्या तसं टंकलं, रेघेसकट. पडद्यावर एक आणि दोनचे आकडे सरसरत उतरले. मग यंत्र खडखडलं, थांबलं (तिचा श्वासही), आणि पुन्हा खडखडत राहिलं. हातभर तुकडा खाली आला. फोरमननी बोटानं टाके मोजले, ओठ हलवत, पुन्हा एकदा मोजले.

“सत्तावन्न,” ते म्हणाले. “किती वेळ लागला हो तुम्हाला सांगायला?”

“एक वाक्य.”

त्यांनी तुकडा उलटा करून पाहिला. “आणि बाहीचं काय? वर जाता जाता टाके घटवत न्यायचे असतात. जमेल याला?”

घटवणं. तिच्या भाषेत तो शब्दच नव्हता. ‘वेळा’ दर वेळी तेच करत होतं. दर वेळी थोडं कमी करायचं तर त्याला किती वेळा झालं हे लक्षात ठेवावं लागेल, म्हणजे कुठंतरी जागा, आठवण…

“माहीत नाही,” ती म्हणाली.

फोरमननी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही, आणि तुकडा घेऊन मालकांच्या खोलीकडे गेले. दार बंद झालं. आत काय ठरतंय ते ऐकायला जावं, असं तिला वाटायला हवं होतं. एरवी ‘माहीत नाही’ म्हटलं की तिची मान खाली जायची, वर्गात, घरात, या फोरमनसमोरही. आज मात्र ते दोन शब्द अजून जिभेवर होते, नव्या घराच्या किल्लीसारखे गार आणि जड, आणि ती कागद ओढून लिहायला लागली होती… दर वेळी एक कमी, पण कुठल्या बाजूनं?