हात वर करणाऱ्यांनी स्टुलावर यावे

मित्रांनो, ज्याच्यावर बसायचे सोडून लोक उभे राहतात असे मी एक जुने स्टूल आहे. उंचीने बेताचे, वजनाने जड, आणि रूपाबद्दल न बोललेलेच बरे. बाटल्यांच्या कारखान्यात माल भरायची लाकडी खोकी जिथे ठोकतात, तिथला माझा जन्म. एका सुताराने मोडक्या खोक्याच्या फळ्या जोडून मला उभे केले. त्यामुळे माझ्या पाठीवर ‘सांभाळा, आत काच आहे’ ही अक्षरे अजून आहेत. आत काच नाही हे मी कुणाकुणाला सांगत बसू? पण त्या अक्षरांना घाबरून लोक मला आपटत नाहीत, एवढा फायदा मात्र झाला.

तरुणपणी मी बाटल्या तपासायच्या टेबलापाशी होते. तपासणाऱ्या बायका आळीपाळीने माझ्यावर बसत. प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरायची, तडा दिसला की बाजूला ठेवायची. दिवसभर बाटल्या पाहायच्या आणि तोंडाने सुनांच्या, जावांच्या गोष्टी करायच्या. मला त्यांच्या घरांतली सगळी भांडणे पाठ होती. मग तपासायचे यंत्र आले. टेबल गेले, बायका दुसऱ्या कामाला गेल्या आणि मी जिन्याखाली झाडूंच्या शेजारी जाऊन पडले. वाईट वाटले. खोटे कशाला बोलू? गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी तिथे पडल्या पडल्या शिकले.

तिथून मला वर काढले ते पुन्हा त्याच सुताराने. तोवर तो युनियनचा अध्यक्ष झाला होता. युनियनची खोली म्हणजे सायकली लावायच्या जागेच्या वरची एक लांबट खोली. एक खिडकी, एक पंखा आणि भिंतीला टेकवलेली बाके. पूर्वी याच खोलीत एकदा संपाचे ठरले, तेव्हा सगळ्यांनी बसल्या जागी हात वर केले होते. टाळ्याही पडल्या. आठवडा सरला नाही तोच त्यातले निम्मे लोक मान खाली घालून मागच्या दाराने कामावर गेले. संप मोडला आणि माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली.

म्हणून सुताराने नियम केला. संपाला ‘हो’ म्हणायचे असेल तर स्टुलावर चढायचे आणि पगार बंद झाल्यावर आपले घर कसे चालेल ते सगळ्यांसमोर सांगायचे. ज्याला सांगता येणार नाही त्याचे ‘हो’ धरायचे नाही. “बसून हात वर करायला काय जातं? पंख्यालाही तीन हात आहेत,” असे तो म्हणाला होता. तेव्हापासून मी तिथे आहे. एकदा एक ड्रायव्हर मोठ्या रुबाबात माझ्यावर चढला, घटकाभर विचार केला, म्हणाला, “बायकोला विचारून येतो,” आणि उतरला. लोक हसले, पण त्याला भित्रा कोणी म्हटले नाही.

आता खरी गोष्ट सांगते. कारखान्याच्या भट्टीवर एक कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणत, आणि त्यांची बायको पॅकिंगमध्ये होती म्हणून ती आपोआप सगळ्यांची मामी. मामांचे अर्धे आयुष्य भट्टीच्या तोंडाशी गेले. त्या वर्षी ते भट्टीपाशीच चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी बजावले, आता ही धग तुम्हाला सोसायची नाही. कंपनीशी झालेल्या जुन्या करारात एक कलम होते. भट्टीच्या कामाने ज्याची तब्येत बिघडेल, त्याला त्याच पगारावर भट्टीपासून दूरचे काम द्यायचे. पण मामांची बदली होण्याआधीच कराराची मुदत संपत आली, आणि कंपनीने पुढे केलेल्या नव्या करारात ते कलमच नव्हते. म्हणजे मामांनी एक तर भट्टीवर जीव जाळायचा, नाही तर घरी बसायचे.

सभा भरली. साच्यांवर काम करणारा एक तरुण होता, बोलायला लागला की फुटाण्यासारखा उडायचा, म्हणून त्याचे नाव तडतड्या. त्याने उभे राहून सांगितले की उद्याच बाहेर पडू आणि भट्टी विझू देऊ, म्हणजे मालक पळत येईल. हे ऐकून भट्टीवरची माणसे चवताळली. भट्टी एकदा थंड झाली की आतली काच गोठते, विटा तडकतात, आणि मग ती भट्टी राहत नाही. सुताराने शांतपणे विचारले, संप कामावर परत येण्यासाठी करायचा की परत यायला जागा उरू नये म्हणून? तडतड्या खाली बसला. मग पुष्कळ वाद झाले. शेवटी ठरले की भट्टीवाले पाळीपाळीने भट्टी गरम ठेवतील, पण तिच्यातून एकही बाटली निघणार नाही. आणि करारात लिहिल्याप्रमाणे आधी नोटीस द्यायची. आपणच करार मोडला तर त्यातले कलम कोणत्या तोंडाने मागणार, हे सगळ्यांना पटले.

आता ‘हो’ म्हणणाऱ्यांनी स्टुलावर यायचे होते. सर्वांत आधी आले मामा. त्यांचे पाय माझ्यावर थरथरत होते. मी शक्य तितके घट्ट उभे राहिले.

“माझ्यापायी कुणाच्या घरची चूल बंद पडू नये,” मामा म्हणाले. “मला ते कलम नको. मी सोडलं म्हणून समजा. जाईन घरी, होईल काहीतरी.”

 काहींना सुटल्यासारखे वाटले, ते मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिले. त्यांना तरी का दोष द्यावा? तेवढ्यात मागच्या बाकावरून मामी उठली. ती सभेत कधी बोलत नसे. चार माणसांत नवऱ्याला बोलायचे तिच्या जिवावर आले होते, ते तिच्या आवाजावरूनच कळत होते.

“अहो, उतरा खाली,” ती म्हणाली. “ते कलम तुमच्या घरचं आहे का, सोडून द्यायला? तुमच्या आधीच्या लोकांनी भांडून आणलं, आणि तुमच्यानंतर भट्टीवर जो येईल त्याचंही ते आहे. दुसऱ्याची वस्तू दान करायला निघालात?”

मामा उतरले. मामी चढली. तिने सांगितले की तिची बहीण धान्य देणार आहे, खोलीमालकाशी ती बोलून आली आहे, आणि तरी भागले नाही तर शिवणयंत्र विकेल. “माझं हो आहे,” एवढे म्हणून ती खाली उतरली.

त्यानंतर माझ्यापुढे जी रांग लागली! कोणी सासऱ्याच्या शेतावर जाणार होता, कोणी भावाच्या दुकानात बसणार होता. तडतड्याने सांगितले की तो आईकडे राहायला जाईल आणि तिची बोलणी खाईल. ज्यांना जमणार नव्हते त्यांनी तसे सांगितले, आणि त्यांना घरोघरी निरोप पोचवायचे काम मिळाले. माझे सांधे कुरकुरत होते, पण मी सुखात होते. जिन्याखालच्या सगळ्या दिवसांची त्या दुपारी भरपाई झाली.

नोटीस गेली. मग जे वाट पाहणे सुरू झाले ते फार वाईट. खोलीत येणारा प्रत्येक जण हळू बोले. मामी आली की खिडकीपाशी बसे आणि फाटकाकडे बघत राही. मलाही भीती वाटत होती. पगार नसलेले घर कसे असते ते मी तपासणाऱ्या बायकांकडून ऐकलेले होते.

नोटिशीची मुदत संपायच्या आत कंपनीचे बोलावणे आले. कामगार आपसांत भांडतील, भट्टी विझेल या भीतीने भट्टीवाले संपात येणार नाहीत, असा साहेबांचा हिशोब होता. पण भट्टीच्या पाळ्यासुद्धा ठरल्यात हे कळल्यावर हे लोक पुष्कळ दिवस टिकतील हे त्यांनी ओळखले. सुतार जिना चढून वर आला, तेव्हा त्याला धाप लागली होती. “कलम राहिलं,” तो म्हणाला. “सह्या झाल्या.”

मित्रांनो, एवढी माणसे एकदम श्वास सोडतात तेव्हा कसे वाटते ते मला सांगता येणार नाही. कोणी नाचले नाही. कितीतरी जण नुसते बाकांवर बसून राहिले. तडतड्या चक्क गप्प होता. मामीने पदराने तोंड पुसले आणि बराच वेळ पदर खाली घेतला नाही.

मामांना लोकांनी ओढून माझ्यावर चढवले. या वेळी त्यांचे पाय थरथरत नव्हते.  “उद्यापासून मी पॅकिंगला,” ते म्हणाले. “हिच्या हाताखाली.”

सगळी खोली हसली. मामी मात्र हसली नाही. “वेळेवर या म्हणजे झालं,” ती म्हणाली, आणि मगच तिला रडू फुटले.

मित्रांनो, आता माझी एकच विनवणी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, हे तर मी म्हणणारच. पण त्याहून जास्त जपा ते, जे तुमच्या आधीच्या माणसांनी मिळवून तुमच्या हाती ठेवले आहे. आणि तुमच्यातला एखादा दमलेला भला माणूस ‘माझ्यासाठी नको’ म्हणत ते सोडायला निघाला, तर त्याला हात धरून प्रेमाने खाली उतरवा आणि त्याच्या जागी तुम्ही उभे राहा.