नवमीसाठी बदललेले टायर

नवे टायर मी पितृपक्षातल्या सप्तमीला बसवले. पद्माची नवमी दोन दिवसांवर आली होती आणि सीतावहिनींना गाडीवर मागे बसवून घरी आणायचं होतं. एकट्यापुरतं असतं तर जुन्या टायरवर मी अजून वर्षभर सहज काढलं असतं.

पद्मा माझी बायको. तिला जाऊन पावणेदोन वर्षं झाली. नवरा असताना बाई गेली तर तिचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. त्या दिवशी ब्राह्मणाबरोबर एक सवाष्ण जेवते. ती गेलेल्या बाईच्या जागी जेवते असं आमच्याकडे मानतात. पहिल्या वर्षात हे करत नाहीत, म्हणून पद्माची ही पहिलीच नवमी. आम्हाला एकच मुलगी, नीरजा, ती नागपूरला असते. तेव्हा करणारा मीच.

सवाष्ण कोण, ते पद्मा सांगून गेली होती. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी तिने मला पलंगाजवळ बोलावलं. मला वाटलं काही औषधाचं असेल. म्हणाली, "माझ्या नवमीला सीतेलाच जेवायला बोलवा. बाकीच्या वडा मोडून आत शिजलाय का बघतात." मी हसलो. तीही हसली, मग खोकला आला. त्यानंतर तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. त्यामुळे नवमीला कुतपाच्या वेळेला, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, सीतावहिनी आमच्या पाटावर बसलेल्या असणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

सीतावहिनी म्हणजे पद्माची शाळेपासूनची मैत्रीण, काशीतच पण लांब सुंदरपूरला राहतात. शाळेत शिकवत होत्या, आता निवृत्त. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आम्ही दुर्गाघाटाला. पितृपक्षात पिंडदानासाठी बाहेरगावची एवढी माणसं येतात की ऑटो आणि ई-रिक्शा लहुराबीरलाच अडवतात. तिथून वहिनींना आमच्या गल्लीपर्यंत चालवणार नाही. मोटरसायकल मात्र मैदागिनवरून थेट गल्लीत शिरते.

गाडी माझी चौदा वर्षांची. मागचा टायर सहा वर्षं चालला होता. उन्हाळ्यात नीरजा आली तेव्हा तिने त्याच्यावरून हात फिरवला आणि मला टायर बदला नाहीतर गाडी विका असं सांगितलं. मी हो हो म्हटलं आणि विसरलो. पण मागे दुसऱ्याची बायको बसणार म्हटल्यावर मलदहियाला विष्णुच्या दुकानात गेलो. पुढचा, मागचा, दोन्ही टायर बदलून घेतले. विष्णु पंचवीस वर्षं टायरचंच काम करतो. त्याने निघताना बजावलं की नवा टायर वरून गुळगुळीत असतो, दोनशे किलोमीटर ब्रेक जपून मारा आणि वळणावर गाडी फार झुकवू नका.

मी मनात म्हटलं, हा मला शिकवतोय. मी रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला फिटर होतो. चौतीस वर्षं डब्यांची चाकं मोजली. चाकाची झीज पाहून गाडी कुठल्या बाजूला ओढत होती ते मी सांगायचो.

पण दुकानातून निघून पहिल्याच वळणावर गाडी माझ्या हातात राहिली नाही. जुना टायर मधोमध झिजून सपाट झालेला असतो. त्याला वळवायचं तर हँडल जोर लावून ढकलावं लागतं. गाडी आधी ऐकत नाही आणि मग एकदम आत झुकते. मला त्या ढकलण्याची सवय होती. नवा टायर गोल. मी नेहमीसारखा जोर लावला आणि गाडी एवढी आत वळली की दुभाजकाला पाय लागायचा राहिला. मागून एक जण ओरडला, "चाचा, घर में सीखकर आओ." मी बाजूला थांबलो. मग सिगऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, हळूहळू. मनात नुसतं वळायचं आलं तरी गाडी वळत होती. खड्डे कमी लागत होते. हँडल हलकं, जणू कोणी पुढून ओझं काढून घेतलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सारनाथपर्यंत जाऊन आलो. वळणं हातात बसली. सरळ रस्त्यावर तर काही अडचणच नव्हती. मी निश्चिंत झालो.

नवमीला सकाळी दहाला सुंदरपूरला पोचलो. स्वयंपाक दूधविनायकावरच्या हिमानीताई करत होत्या. ढुंढिराजशास्त्री सव्वाअकराला येणार होते. त्यांना त्या दिवशी आणखी दोन घरं होती आणि कुतप टळला तर मला बोल लावू नका, हे त्यांनी आदल्या दिवशी दोनदा ऐकवलं होतं.

वहिनींचे यजमान प्रल्हादराव दारातच खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "सुमंतराव, मी जिवंत आहे म्हणून तुमचं आजचं कार्य आहे. तेव्हा जाण्याआधी हिला सांगा, माझ्या चहात साखर घाल."

"सवाष्ण राहायचंय म्हणूनच घालत नाही," वहिनी आतून म्हणाल्या.

वहिनी पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. साडी पिशवीत घेतली होती, आमच्याकडे येऊन नेसणार होत्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या आणि आम्ही निघालो.

शंभर पावलंही गेलो नसू, गाडी उजवीकडे जायला लागली. मी सरळ केली. पुन्हा उजवीकडे. वाटलं रस्ता उतरता असेल. दुर्गाकुंडापर्यंत तेच. मी हँडल डावीकडे दाबत होतो आणि गाडी साप गेल्यासारखी चालत होती. कमच्छाला समोरून ई-रिक्शा आली, मी डावीकडे घ्यायला गेलो आणि गाडी आधी तिच्याकडेच गेली. ब्रेक मारला. मागचं चाक सरकलं. वहिनींचा पाय जमिनीला टेकला, तोच दुखरा. त्यांच्या तोंडून फक्त "अगं बाई" एवढंच निघालं. रिक्शावाला काय बोलला ते मी ऐकलं नाही.

वहिनींना मी विचारलं की लागलं का. त्यांनी नाही म्हटलं, पण पाय दोनदा झटकला. मी म्हणालो, टायर नीट बसवलेला नाही, वाटेतच दुकान आहे, दाखवून घेऊ. तिथपर्यंत त्या ऑटोने आल्या आणि मी गाडीवर एकटा. एकटा असताना गाडी सुतासारखी सरळ.

दुकानात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. विष्णुने गाडी स्टँडला लावून चाकं फिरवली. कुठेच लचक नव्हती. हवा तपासली, ठीक होती. त्याने मला बसायला सांगितलं. मी बसलो. मग वहिनींना बसायला सांगितलं. त्या बसल्या. विष्णु समोर उभा राहून बघत होता. त्याने त्यांना उतरवून पुन्हा बसायला सांगितलं. मग आत गेला आणि ढिगातून माझा जुना टायर काढून आणला.

टायर मधोमध झिजलेला नव्हता. झीज उजव्या अंगाला होती. दोन बोटांचा सपाट पट्टा, आणि डावीकडची नक्षी अजून बरीच शिल्लक.

"बाबूजी, पीछे कोई बाईं तरफ पैर करके बैठता था?"

वहिनी म्हणाल्या, "पद्मा."

विष्णुने समजावलं ते मला समजावून घ्यायची गरज नव्हती. बाई एका बाजूला पाय करून बसली की तिचं वजन डावीकडे जातं. चालवणारा स्वतः उजवीकडे सरकतो, गाडी थोडी उजवीकडे कलती ठेवतो, तेव्हा ती सरळ चालते. पद्मा साडीतच असायची आणि कायम तशीच बसायची. लग्न झाल्यापासून, आधी स्कूटरवर, मग या गाडीवर. माझं अंग ते शिकलं होतं. आत्ता वहिनींनी खांद्यावर हात ठेवला, त्या बसायच्याही आधी मी उजवीकडे सरकलो होतो. विष्णुने तेच पाहिलं होतं. जुना टायर त्या कलत्या जागेवर झिजून तसाच बसायचा, त्याने माझी खोड सांभाळून घेतली असती. नवा टायर अंग जिकडे नेईल तिकडे जात होता.

चौतीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांची झीज वाचली. माझ्या स्वतःच्या चाकाकडे एकदाही वाकून बघितलं नाही.

फोन वाजला. ढुंढिराजशास्त्री आले होते. कुठे आहात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं मलदहिया. ते म्हणाले की शेजारच्या सवाष्णीला बोलावून ठेवू का, शास्त्राला तेवढं पुरतं. मी म्हटलं दहा मिनिटं थांबा.

मी वहिनींना म्हणालो, मी सरळ बसायचा प्रयत्न करतो. त्या म्हणाल्या प्रयत्न करू नका. मी म्हणालो, मग काय करू. त्यांनी गाडीकडे बघितलं. डाव्या बाजूचं साडीगार्ड आणि पाय ठेवायची पट्टी अजून होती, मी काढली नव्हती.

"मी पद्मासारखी बसते," त्या म्हणाल्या. "जमेल मला. गुडघ्यालाही बरं."

मला ते नको होतं. जेवायला पद्माच्या जागी बसायचं, ते शास्त्रात आहे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि त्या उपाशी होत्या. मी म्हटलं, बसा.

त्या एका बाजूला बसल्या. माझ्या खांद्यावर हात आला, वजन डावीकडे गेलं, आणि मी होतो तिथेच बरोबर होतो. गाडी निघाली ती सरळ. लहुराबीर, कबीरचौरा, सगळीकडे गर्दी, मुंडन केलेली माणसं, हातात पिशव्या. गाडी त्यांच्यामधून वाट काढत चालली होती आणि मला हँडल धरल्याचंही कळत नव्हतं. नव्या टायरने तर जास्तच चांगली चालत होती. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर आवाज वेगळा आला असता. मैदागिनला मी गाडी हळू केली. कारण काही नव्हतं, रस्ता मोकळाच होता.

वेळेत पोचलो. वहिनी साडी नेसून पाटावर बसल्या. मी त्यांच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. ढुंढिराजशास्त्री भराभर सांगत गेले आणि मी करत गेलो. वहिनींनी खीर दोनदा घेतली. वडा अख्खाच्या अख्खा तोंडात घातला, मोडून पाहिला नाही. हिमानीताईंना विचारलं की आमसुलाच्या चटणीत गूळ कोणी शिकवला, आणि उत्तराची वाट न बघता आणखी मागितली. शेवटी शास्त्रीबुवांनी माझ्याकडून विसर्जन म्हणवून घेतलं. आलात, तृप्त झालात, आता आपल्या स्थानी जावं, असा त्याचा अर्थ ते मला दरवर्षी वडिलांच्या श्राद्धाला सांगतात. या वेळी त्यांनी सांगितला नाही. घाईत होते.

तीन वाजता वहिनी परत ड्रेस घालून बाहेर आल्या. गाडी ओट्याला लागून उभी होती. त्या मघासारख्याच डाव्या बाजूला आल्या आणि पट्टीवर पाय ठेवायला लागल्या. मी गाडीवर बसलेलो होतो. मागून हात खांद्यावर यायच्या आत मी म्हणालो,

"वहिनी, नका. दोन्हीकडे पाय टाकून बसा."

"आणि गाडी?"

"हळू नेतो. मी उजवीकडे गेलो की खांद्यावर मारा."

त्यांनी पिशवी गळ्यात अडकवली आणि नीट बसल्या.

गल्लीतून निघेपर्यंत त्यांनी मला तीन वेळा मारलं. हलकंच, पण मोजून उजव्या खांद्यावर. दर वेळी मी डावीकडे सरकून मधे यायचो आणि ते मधे येणं मला तिरकं वाटायचं. लंगडत चालल्यासारखं. गाडी मात्र तेव्हाच सरळ असायची. रथयात्रेच्या चौकात माझे डोळे भरले तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि निघालो. भेलुपूरच्या पुढे वहिनी बोलायला लागल्या, पद्माने शाळेत एकदा बाईंच्या खुर्चीवर काय ठेवलं होतं ते. मी ऐकत होतो. मधेच त्यांनी पुन्हा मारलं.

सुंदरपूरला पोचायला तासाच्या वर वेळ लागला. प्रल्हादराव दारातच होते. म्हणाले, एवढा उशीर, मला वाटलं तुम्ही हिला ठेवूनच घेतलंत.

"सुमंतराव गाडी शिकताहेत," वहिनी उतरत म्हणाल्या. "आणि दर रविवारी मला घेऊन जाणार आहेत, नीट येईपर्यंत."

मी असं काही म्हटलं नव्हतं. पण मी नाही म्हटलं नाही. प्रल्हादरावांनी मला चहा घेऊन जा म्हटलं आणि त्या निमित्ताने दोन कप साखरेचे करायला सांगितले.