मुठीतली पिन

फोरमनने हेडफोनची वायर विमानाच्या पोटात खुपसली आणि त्याच क्षणी पलीकडे इंधनाचा टँकर उडाला. तापलेले पत्रे सटासट आदळले. भोंगा मघापासून बोंबलतच होता. शत्रूची विमानं दुसऱ्या फेरीला वळली होती. त्याआधी हे एकुलतं एक विमान उडालं नाही, तर तळावर चिटपाखरूही उरणार नव्हतं.

"इंजिन चालू. पिन दाखवा," कानात वैमानिकाचा, म्हणजे धाकट्याचा, आवाज आला.

दोन्ही क्षेपणास्त्रांना मिळून एकच पिन; ती काढायचं काम त्याच्या थोरल्या भावाचं. ती काढल्याशिवाय क्षेपणास्त्र सुटत नाही. म्हणून तिची लाल फीत वैमानिकाला हात उंचावून दाखवायची, मगच विमान हलायचं. थोरल्याला सगळा तळ दादाच म्हणायचा.

फोरमन वाकून पंखाखाली बघतो तर दादा ट्रॉलीमागे कोसळलेला. पत्र्याने पोट उभं फाडलं होतं, आतडी मांडीवर आली होती. डोळे उघडे, पण त्यांत कुणीच नव्हतं. काढलेल्या पिनेची लाल फीत तेवढी मुठीतून लोंबत होती. फोरमनने ती ओढून पाहिली. मूठ सुटेना.

"दादा कुठं तडमडलाय?"

"हा काय, ट्रॉलीमागे बसलाय."

"बसलाय? कामाच्या वेळी? हात वर कर म्हणावं, नाहीतर मीच खाली उतरतो."

धाकटा बोलला की करायचाच. ट्रॉलीआड दडून फोरमनने दादाच्या पाठीला गुडघा लावला, रक्ताने निसटणारं ते अंग कसंबसं ट्रॉलीच्या वर उचललं आणि ती मूठ उंच धरून जोरजोरात हलवली. फीत फडफडली.

काचेआड अंगठा वर झाला. "दिसली. आणि त्याला सांगा, आज आईला फोन त्यानेच करायचा. दर वेळी मीच का बोलणी खायची?"

"सांगतो."

दादाला खाली टेकवून फोरमन धावला, वायर उपटली, चाकांपुढचे अडसर ओढले. विमान धुरात घुसलं आणि वर निघालं.

जरा वेळाने आभाळात काहीतरी पेटलं आणि गिरक्या घेत खाली आलं. खंदकातून आरोळी उठली.

"ए दादा! बघ, तुझ्या भावाने पाडलं!"

धाकटा सुखरूप परतावा असं फोरमनला मनापासून वाटत होतं, आणि उतरल्या उतरल्या तो दादाला हाक मारणार, याचीच धास्ती वाटत होती. विमान उतरलं की उरलेल्या क्षेपणास्त्राला हीच पिन परत लावायची असते. तो दादाशेजारी बसला आणि एकेक बोट हळूहळू सोडवू लागला.